रत्नाबाईंनी विचारलेला प्रश्न

परीक्षेत कमी गुण पडले की आपल्या घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं : "जरा जोर लाव!" वाक्य वाईट नाही. पुष्कळांना त्यानं पुढे ढकललंही असेल. पण ज्याच्या अंगातला जोरच संपला आहे त्याच्या कानाला ते कसं लागत असेल, याचा विचार आपण सहसा करत नाही. प्रोफेसर हेमचंद्र गजभियेनंही तो कधी केला नव्हता. निदान १९९६च्या डिसेंबरातल्या त्या शनिवारपर्यंत तरी नाही.

हेमचंद्र मिशिगनमधल्या एका युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायचा. वय चव्वेचाळीस. नागपूरच्या एका गिरणी कामगाराचा मुलगा. वडील लवकर गेले, आईनं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून त्याला शिकवलं. पुण्याला इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत पीएच.डी., मग नोकरी, जवळच्या नोव्हाय गावात स्वतःचं घर. "मी घासून घासून वर आलोय," असं तो विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगायचा, आणि त्यांनीही तसंच घासावं अशी त्याची अपेक्षा असायची. लॅबमध्ये त्याचा एक विनोद प्रसिद्ध होता : "झोप? ती डिग्री मिळाल्यावर." मुलं हसायची. प्रोफेसरच्या विनोदाला हसायचंच असतं.

त्याच्या हाताखाली त्साओ रुइफेन नावाची चिनी मुलगी पीएच.डी. करत होती. उत्तर चीनमधल्या कोळशाच्या खाणींच्या गावची. त्या गावातून अमेरिकेला आलेली पहिलीच मुलगी. ती निघाली त्या दिवशी गल्लीत फटाके लावले होते म्हणे. दोन वर्षांत तिनं एकदाही कसली तक्रार केली नव्हती, आणि हेमचंद्रला वाटायचं, ही आपल्यासारखीच चिवट आहे.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी पीएच.डी.च्या पात्रता परीक्षेचा निकाल लागला. रुइफेन नापास झाली होती. जानेवारीत दुसरी संधी होती, आणि ती शेवटची. हेमचंद्रनं तिला ऑफिसात बोलावलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"सॉरी, डॉक्टर गजभिये."

"सॉरी म्हणून काय होणार? पाच आठवडे आहेत. तुझ्या जागेसाठी किती जण रांगेत उभे आहेत, माहीत आहे ना? माझ्यावर काय काय वेळ आली, तरी मी रडलो नाही. मुकाट्यानं अभ्यास केला. तूही कर."

रुइफेन रडत नव्हतीच. ती नुसती मान हलवून "थँक यू" म्हणाली आणि दार हळूच लावून गेली. हेमचंद्रला वाटलं, बरं झालं, बोललेलं लागलं तिला.

लागलंच होतं.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास घराची बेल वाजली. घरात सगळे होते. हेमचंद्रची बायको सुलेखा वॉशिंग मशीनशी झटत होती. चौदा वर्षांची हर्षिता तोंड पाडून जिन्यात बसली होती, कारण अल्जिब्रात 'बी' आल्याबद्दल नाश्त्याच्या वेळी तिचं आणि डॅडचं नुकतंच वाजलं होतं. "संजीव अंकलच्या प्रीताला बघ," असं डॅड म्हणाला होता, आणि "देन अ‍ॅडॉप्ट प्रीता!" असं म्हणून ती टेबलावरून उठली होती. आणि रत्नाबाई, हेमचंद्रची आई, डायनिंग टेबलाशी तांदूळ निवडत होत्या. अमेरिकेतल्या तांदळात खडा सापडत नाही, हे त्यांना तीन महिन्यांत कळलं होतं. पण हाताला सवय.

दारात रुइफेन उभी होती. तिची घरमालकीण मॉलहून घरी परत निघाली होती, तिच्या गाडीतून ती आली होती. गाडी बाहेर चालूच होती. हातात दोन पिशव्या. एकीत हेमचंद्रची चार पुस्तकं, त्याचा जुना कॅल्क्युलेटर आणि लॅबची किल्ली. दुसरीत भात शिजवायचा कुकर.

"हा लॅबमधल्या नवीन मुलीला द्याल का? शांघायहून आलीये, तिच्याकडे नाहीये," ती म्हणाली.

"देईन की. आत ये, चहा घे."

"नको, गाडी थांबलीये." मग ती दारातच नीट उभी राहिली आणि एकेक आठवून आभार मानू लागली. पहिल्या दिवशी एअरपोर्टवर घ्यायला आल्याबद्दल. सुलेखानं दिलेल्या थंडीच्या कोटाबद्दल. दिवाळीला जेवायला बोलावल्याबद्दल. रत्नाबाईंसाठी तिनं चहाचा एक छोटा डबा आणला होता. तो तिनं दोन्ही हातांनी पुढे केला, वाकली आणि म्हणाली, "थँक यू, नाईनाई."

चिनी भाषेत आजीला नाईनाई म्हणतात. दिवाळीला ती रत्नाबाईंना पहिल्यांदा तसं म्हणाली तेव्हा त्या गोंधळून गेल्या होत्या : "मी हिला करंजी देते तर ही मला 'नाई नाई' काय म्हणते?" घरभर हसू झालं होतं. आज कोणी हसलं नाही. रुइफेनचा चेहरा इतका शांत होता की हसायला जागाच नव्हती.

गाडी गेली. हेमचंद्रनं पुस्तकं शेल्फात लावली. "किती रीतीची मुलगी आहे," तो म्हणाला.

रत्नाबाईंचा तांदळातला हात थांबला होता. "हेम, ही पोरगी कुठं चालली आहे?"

"कुठं नाही गं. जानेवारीत परीक्षा आहे तिची."

"मग पुस्तकं का दिली?"

"वाचून झाली असतील."

"परीक्षा द्यायची आहे ती पोर पुस्तकं परत करत नाही रे. आणि किल्ली? आणि कुकर? उद्यापासून ती भात कशात शिजवणार?"

जिन्यातून हर्षिता म्हणाली, "डॅड, शी वॉज, लाइक, टू काम. जास्तच शांत."

रत्नाबाई उठल्या. बत्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात काढली होती, शेवटची दहा मेडिकल वॉर्डाच्या सिस्टर म्हणून. मरणाच्या दारातून परत आणलेल्या किती तरी पोरीसुनांच्या उशाशी त्या बसल्या होत्या. "वॉर्डात आणलेल्यांच्या घरचे सगळे एकच सांगायचे," त्या म्हणाल्या. "'सिस्टर, कालपर्यंत चांगली होती हो, उलट सगळ्यांशी गोड बोलून गेली.' हेम, ती आभार मानायला नव्हती आली. ती निरोप घ्यायला आली होती."

"आई, तू उगाच भलता अर्थ काढतेस. इथं असं काही कोणाच्या घरी जाऊन विचारत नाहीत. प्रायव्हसी असते. आणि समज, तिच्या मनात तसलं काही नाहीच, आणि आपल्या विचारण्यानं ते तिच्या डोक्यात आलं तर?"

"विचारल्यानं मरणाचा विचार डोक्यात येत नाही. यायचा असतो तो आधीच येऊन बसलेला असतो. माणूस वाट बघत असतो, कोणी ओळखतंय का. मी चुकले तर काय होईल? फार तर ती हसेल, म्हणेल म्हातारी खुळी आहे. आणि तू चुकलास तर?"

गुरुवारचं स्वतःचं वाक्य हेमचंद्रला आठवलं. 'तुझ्या जागेसाठी किती जण रांगेत उभे आहेत.'

"गाडी काढ!" रत्नाबाई म्हणाल्या. "आत्ता!"

सुलेखानं घरमालकिणीचा नंबर फिरवला. कोणी उचलला नाही. ती म्हणाली, "तुम्ही निघा, मी फोन करत राहते." रत्नाबाईंनी साडीवर हेमचंद्रचं जाकीट चढवलं, आणि दोघं निघाले. युनिव्हर्सिटीपर्यंत पस्तीस मिनिटांचा रस्ता. बर्फ फोडून कडेला लोटलेलं होतं, तरी गाडी जपूनच चालवावी लागत होती. वाटेत हेमचंद्रनं एकदाच तोंड उघडलं. "मी तिला फार लागट बोललो, आई."

"ते नंतर. आधी पोचू."

घरमालकीण रुइफेनला सोडून पुन्हा बाहेर गेली होती. तळघरातल्या खोलीचं दार वेगळं होतं. हेमचंद्रनं वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आत पावलं वाजली आणि दार उघडलं, तेव्हा हेमचंद्रला एकदम हायसं वाटलं.

खोली विलक्षण आवरलेली होती. भिंती मोकळ्या. अंथरुणाची घडी. टेबलावर पत्ते लिहिलेली तीन पाकिटं, एकावर एक नीट ठेवलेली. रुइफेन पाकिटांच्या आड येऊन उभी राहिली. रत्नाबाईंनी चपला, म्हणजे सुलेखाचे बर्फातले बूट, काढले, पलंगावर बसल्या आणि शेजारची जागा हातानं दाखवली. रुइफेन बसली. रत्नाबाईंनी तिचा हात धरला. त्यांचं इंग्रजी दवाखान्यातलं होतं, मोजकं आणि थेट.

"रुइफेन," त्या म्हणाल्या, "यू आर थिंकिंग टू डाय?"

हेमचंद्रनं डोळे मिटून घेतले. असं कोणी कोणाला विचारतं का!

रुइफेननं टेबलावरच्या पाकिटांकडे पाहिलं. मग रुइफेन म्हणाली, "येस."

आणि मग ती रडली. गुरुवारी न रडलेलं, त्याच्या आधीच्या कित्येक महिन्यांत न रडलेलं सगळं रडली. रत्नाबाईंनी तिला थांबवलं नाही. "रडू नको" म्हणाल्या नाहीत, "असं बोलू नये" म्हणाल्या नाहीत. हेमचंद्र मध्येच काही बोलायला गेला, तर त्यांनी दुसऱ्या हातानं त्याला गप्प राहायची खूण केली.

हळूहळू रुइफेन बोलू लागली. जे निघालं ते एक कारण नव्हतं. नापास होणं तर अगदी शेवटचं होतं. ऑगस्टपासून तिला रात्री तीन तासांच्या वर झोप लागत नव्हती. ज्या मित्राशी लग्न करायचं होतं त्याची बीजिंगहून येणारी पत्रं उन्हाळ्यातच थांबली होती. सोबत राहणारी मुलगी दुसऱ्या गावी गेली होती. वडिलांची खाण बंद होण्याच्या बेतात होती, आणि आई प्रत्येक पत्रात लिहायची, 'तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही.' ती उत्तरात लिहायची, 'मी मजेत आहे.' नापास होऊ अशी भीती वाटायला लागल्यापासून बाकीच्या चिनी मुलामुलींना तोंड दाखवणं तिनं बंद केलं होतं. जेवण बंद झालं तर कळतं तरी. बोलणं बंद झालेलं कोणाला कळतं?

"अकरा दिवस मी माझ्या भाषेत एक शब्द बोलले नाही," ती म्हणाली. "गुरुवारी वाटलं, माझ्या जागी दुसरं कोणी आलं तर सगळ्यांचंच बरं होईल."

हेमचंद्रचं वाक्य हेमचंद्रकडे परत आलं होतं.

तो खुर्चीवरून उठला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मी तुझ्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "मी म्हणालो, मी कधी रडलो नाही. मी रडलो होतो. अठरा वर्षांचा होतो. पुण्याला होस्टेलवर. सीट कशी मिळाली त्यावरून वर्गात मुलं टोचून बोलायची. पहिल्याच परीक्षेत गणितात नापास झालो. वाटलं, झालं, ते म्हणत होते तेच खरं. आई तिकडे नागपुरात डबल ड्यूटी करतेय आणि मी असा. मलाही मरावंसं वाटलं होतं, रुइफेन. वाटलं होतं म्हणजे, मी ठरवलंच होतं."

तो इंग्रजीत बोलत होता, पण रत्नाबाईंना शब्द न् शब्द कळला.

"मग?" रुइफेननं विचारलं.

"ईश्वर नावाचा मुलगा शेजारच्या खोलीत होता. भंडाऱ्याचा. तो डोकावला आणि म्हणाला, 'तू दोन दिवस मेसला दिसला नाहीस, काय झालं?' मी म्हटलं, काही नाही. तो गेला नाही. तीन दिवस माझ्याच खोलीत झोपला. तेवढ्यानंच मी इथं आहे. सव्वीस वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. आईला नाही."

त्यानं वर पाहिलं. रत्नाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी रुइफेनचा हात सोडला नव्हता.

"अख्ख्या वॉर्डाला विचारत होते रे मी," त्या मराठीत म्हणाल्या. "तुला तेवढं विचारायचं राहिलं."

"आई, मी कळू दिलं नाही तुला."

"म्हणूनच विचारायचं असतं!"

बोलून मन हलकं झालं, पण रत्नाबाईंना ठाऊक होतं की तेवढ्यानं भागत नाही. ताप उतरला तरी औषध पुरं करावं लागतं. "इथं अशांसाठी डॉक्टर असतील ना? आत्ताच्या आत्ता भेटेल असं बघ," त्या म्हणाल्या. हेमचंद्रला आठवलं, युनिव्हर्सिटीच्या टेलिफोन डिरेक्टरीत पहिल्याच पानावर काउन्सेलिंग सेंटरचा नंबर असतो, सुट्टीच्या दिवशीचासुद्धा. आठ वर्षं ती डिरेक्टरी त्याच्या टेबलावर होती. ते पान त्यानं एकदाही कोणाला दाखवलं नव्हतं.

रुइफेन घाबरली. "नको. वेडी आहे असं लिहितील. व्हिसा जाईल. घरी कळवतील."

"विचारू आपण त्यांनाच," हेमचंद्र म्हणाला, आणि तिच्याच डिरेक्टरीतून नंबर काढून तिच्यासमोरच फोन लावला. ड्यूटीवरची समुपदेशक डायॅन नावाची मध्यमवयीन बाई होती. तिनं रुइफेनला फोनवर घेतलं आणि सावकाश समजावलं : इथं बोललेलं तिच्या परवानगीवाचून कोणाला सांगितलं जात नाही; फक्त जिवालाच धोका असेल तर तिला वाचवण्यापुरतं; आणि मदत घेतली म्हणून कोणाला घरी धाडत नाहीत. तासाभरात ती सेंटरवर आली, सुट्टीच्या दिवशी, मुलांच्या खेळाचे बूट गाडीत तसेच ठेवून. ती आणि रुइफेन दोन तास आत होत्या. बाहेर बाकावर आई आणि मुलगा बसले होते, आणि खूप वर्षांनी बोलत होते.

बाहेर आल्यावर डायॅन म्हणाली, डॉक्टरची वेळ सोमवारी सकाळची ठरली आहे, तोवर रुइफेननं एकटं राहू नये.

"एकटी कशाला?" रत्नाबाई म्हणाल्या. "माझ्या खोलीत झोपेल."

रुइफेन नऊ दिवस नोव्हायच्या घरात राहिली. हर्षितानं स्वतःहून आपली रजई तिला दिली. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला रुइफेन रत्नाबाईंच्या शेजारी बसली. दोघींना मिळून एकही खडा सापडला नाही.

त्याच रविवारी हेमचंद्रनं पत्ते शोधून शोधून ईश्वरचा नंबर मिळवला. ईश्वर मेश्राम आता चंद्रपूरला पाटबंधारे खात्यात होता. कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे दाबून फोन लागला. इकडची तिकडची चौकशी झाली, आणि मग हेमचंद्रनं सव्वीस वर्षांचं साचलेलं सांगून टाकलं.

ईश्वर म्हणाला, "अरे हेम्या, मी काय केलं त्यात? मला तर नीट आठवतही नाही बघ. माझ्या खोलीत तेव्हा ढेकूण झाले होते. तुझ्याकडे झोपलो असेन, दुसरं काय!"

हेमचंद्र हसता हसता रडायला लागला. ज्या तीन रात्रींवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं होतं, त्या देणाऱ्याच्या लक्षातही नव्हत्या!

रत्नाबाईंनी फोन मागून घेतला. खूप बोलायचं होतं त्यांना. पण तोंडातून एवढंच आलं, "ईश्वर, बाळा, तुझी आई कशी आहे? तिला माझा जय भीम सांग. म्हणावं, रत्नानं पाया पडून सांगितलाय."

वाचकहो, इथून पुढे सगळं झटपट गोड झालं असं मात्र नाही. मनाचं दुखणं एका मिठीनं बरं होत नसतं. रुइफेनला औषधं घ्यावी लागली, महिनोन् महिने डायॅनकडे जावं लागलं. मध्ये दोन आठवडे पुन्हा वाईट गेले, पण त्या वेळी ती स्वतःच फोन करून म्हणाली, "नाईनाई, आज बरं नाही." हेमचंद्रनं खात्यात भांडून तिची परीक्षा मे महिन्यावर नेली. लॅबमधला झोपेचा विनोद त्यानं बंद केला, आणि का बंद केला तेही सगळ्यांना सांगितलं. ती पाकिटं रुइफेननं स्वतःच्या हातानं फाडली आणि आईला चौथं पत्र लिहिलं. त्यात पहिल्यांदाच 'मी मजेत आहे' हे वाक्य नव्हतं. आईचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं : 'तू पास झालीस म्हणून फटाके लावले नव्हते. तू आमची म्हणून लावले होते.'

बर्फ वितळायच्या सुमारास रुइफेननं डायॅनच्या मदतीनं एक काम हाती घेतलं. युनिव्हर्सिटीतल्या चिनी विद्यार्थ्यांसाठी तिनं चिनी भाषेत एक प्रश्नावली केली. नाव लिहायचं नाही. झोप किती लागते? जेवण कोणासोबत होतं? घरी खरं लिहिता का? गेल्या वर्षात कधी मरावंसं वाटलं का? आणि शेवटचा प्रश्न : 'तू कसा आहेस' असं तुम्हाला शेवटचं कोणी विचारलं आणि कधी? त्रेचाळीस जणांनी ती भरून दिली. उत्तरांचं भाषांतर तिनं हेमचंद्रच्या टेबलावर ठेवलं.

हेमचंद्रनं दार लावून ते वाचलं. मरावंसं वाटलं होतं असं सात जणांनी लिहिलं होतं. सात! त्यांतले चौघं कोणत्याच परीक्षेत नापास झाले नव्हते. गुणांची चिंता सगळ्यांनाच होती. पण या सातांच्या उत्तरांत सारखेपणा होता. जेवण एकट्यानं, घरी खरं न लिहिणं, आणि शेवटच्या प्रश्नापुढे कोरी जागा. फक्त एकानं तिथं लिहिलं होतं, 'या प्रश्नावलीनं. आज.'

त्या संध्याकाळी तो घरी गेला तो थेट हर्षिताच्या खोलीत. अल्जिब्राचं पुस्तक उघडं होतं. सवयीनं "किती मार्क" हे शब्द ओठांवर आले, ते त्यानं गिळले. "आज दिवस कसा गेला?" असं विचारून तो पलंगाच्या कडेवर बसला. हर्षितानं संशयानं पाहिलं. "इज दिस अ ट्रिक?" "नो," तो म्हणाला. ती आधी पाच मिनिटं बोलली, मग पाऊण तास. प्रीताशी तुलना झाली की तिला काय होतं, तेही त्यात आलं. तो ऐकत राहिला.

मे महिन्यात रुइफेन पात्रता परीक्षा पास झाली. पण रत्नाबाईंचं त्याआधीच म्हणणं होतं, "पास होवो न होवो, पोर आहे हेच पुष्कळ!" आणि नागपूरला परत जाताना त्यांनी सामानात तो चहाचा डबा घेतला, न फोडलेला.

ऑगस्टात नवे विद्यार्थी आले. दर वर्षी स्वागताच्या भाषणात हेमचंद्र शिस्त आणि मेहनत यांवर बोलायचा. त्या वर्षी त्यानं आधी फळ्यावर काउन्सेलिंग सेंटरचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला. मग पुण्याच्या होस्टेलची ती गोष्ट सांगितली, सत्तर अनोळखी चेहऱ्यांसमोर. "माझ्या दारावर कोणी तरी टकटक केली म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे," तो म्हणाला. "माझं दार उघडं असेल. ते बंद दिसलं तर हा नंबर आहे. आणि तुमच्या शेजारी बसलेला दोन दिवस दिसला नाही, तर कृपा करून जाऊन बघा. एवढीच माझी पहिली परीक्षा."

मुलं पांगली. मागच्या रांगेत एकजण बसून राहिला. चिनी नाही, भारतीय नाही. चाळिशीचा उंच अमेरिकन, गाड्यांचा कारखाना बंद पडल्यावर पुन्हा शिकायला आलेला. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "प्रोफेसर, पाच मिनिटं आहेत का?"

हेमचंद्रला मीटिंगला जायचं होतं. त्यानं हातातले कागद ठेवले, खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसला.

"आहेत," तो म्हणाला. "हवी तेवढी."

मित्रहो, आपल्यातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात कोणी ना कोणी ईश्वर येऊन गेलेला असतो. पुष्कळदा त्याचं त्यालाही ते ठाऊक नसतं. त्याचे आभार मानायचे तर पत्र लिहा, फोन करा, जरूर करा. पण खरे आभार एकाच तऱ्हेनं फिटतात : जे आपल्याला कोणी विचारलं, ते आपण दुसऱ्याला विचारायचं. गुण नंतर विचारा, नोकरी नंतर विचारा. आधी माणूस कसा आहे ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.